चौथ्या नावापाशी

९ नोव्हेंबर

प्रिय काका,

काल घरी वेळेत पोचले. काकूला सांगा, डबा धुऊन पुसून दाराशीच ठेवला आहे, या वेळी विसरणार नाही. तिच्या गुडघ्याकडे मात्र जरा लक्ष द्या. ती "दुखत नाही" म्हणते तेव्हा कठडा किती घट्ट धरते ते बघा.

एका गावात राहायचं, एकाच कारखान्यात कामाला जायचं आणि पत्रं कसली लिहितेस, असं तुम्ही म्हणाल. पण समोर तुम्ही असलात की माझं वाक्य अर्ध्यावरच बसकण मारतं. कागदावर तसं होत नाही, आणि हे तुम्हीच शोधून काढलेलं आहे. शाळेत मी तोंडच उघडत नव्हते, म्हणून माझं नाव काढून तुम्ही मला घरी शिकवायला बसलात; तेव्हा पहिलं वर्षभर मी तुम्हाला उत्तरं लिहूनच द्यायची. 'तोंडानं सांग' असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. आई काकुळतीला यायची, "भाऊजी, तिला बोलायला लावा हो," आणि तुम्ही म्हणायचात, "वहिनी, घाई कसली? तिला कुठे गाडी पकडायची आहे?"

माझी समुपदेशनाची खोली आता बरी दिसते. कॅन्टीनमागची ती खोक्यांची अडगळ कुणाला ओळखू येणार नाही. पडदा लावला आहे. दोन्ही खुर्च्या समोरासमोर न ठेवता जरा तिरक्या ठेवल्या आहेत, म्हणजे माणसाला खिडकीबाहेर बघत बोलता येतं. पंख्याची कुरकुर मुद्दाम तशीच राहू दिली, कारण तिच्यामुळे दाराबाहेर उभं राहिलेल्याला आतलं ऐकू जात नाही. शिपाई म्हणतो, "मॅडम, तेल घालू का?" मी म्हणते, "राहू द्या, मला आवडतो आवाज." त्याला वाटतं मानसशास्त्रवाल्या बायका अशाच असतात.

बाकी ठीक.

कालचं जेवणानंतरचं बोलणं तेवढं डोक्यातून जात नाही. खरं तर त्यात विशेष काही नव्हतं. निरीक्षकांकडे ती निनावी तक्रार गेल्यापासून तुम्ही धड जेवत नाही, असं काकू मला स्वयंपाकघरात सांगत होती. साहजिकच आहे. आग विझवायच्या सिलिंडरांवर दाबाची चाचणी न करताच 'तपासले' असे शिक्के मारले जातात, असं कुणीतरी कळवायचं, त्यावरून गोदामाला सील लागायचं, आणि मालकांनी मात्र व्यवस्थापक म्हणून तुम्हाला सगळ्यांदेखत फैलावर घ्यायचं. कुणाचीही झोप उडेल. म्हणून संत्रं सोलता सोलता तुम्ही कारखान्याचा विषय काढलात तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, बोलताहेत तरी.

घरी आल्यावर मी ते सगळं बोलणं पुन्हा एकदा आठवून काढलं. माझी सवय तुम्हाला माहीतच आहे.

"काय गं, आमचा चार माणसांचा चाचणी विभाग येतो की नाही तुझ्याकडे मन मोकळं करायला?" असं तुम्ही विचारलंत.

"विभाग कसा येईल काका? माणसं येतात."

"बरं, माणसं. तो शिट्टी येतो?"

"तो कशाला? दिवसभर शिट्टी फुंकत असतो, त्यातच त्याचं मन मोकळं होतं. नाही हो."

"आणि चष्मेवाले?"

"छे! त्यांचा स्वतःखेरीज कुणाच्या सल्ल्यावर विश्वास नाही."

काकू हसली. तुम्ही माझ्या हातावर दोन फोडी ठेवल्यात. "वजनकाटा?"

"त्या तर मला बघून रस्ता बदलतात."

"आणि पाणबुडी?" मग काकूकडे वळून तुम्ही म्हणालात, पाण्याच्या टाकीत सिलिंडर बुडवून दिवसभर बुडबुडे शोधणाऱ्या बाईला पाणबुडी नाही तर काय म्हणायचं, आणि पुन्हा माझ्याकडे बघितलंत. "ती येते?"

मी फोड तोंडात टाकली. चावायची राहिली. मग म्हटलं, "काका, असं सांगता येत नाही."

"बरं बाई, नको सांगूस," म्हणून तुम्ही साली गोळा करून आत गेलात.

येताना बसमध्ये मला स्वतःचं थोडं कौतुकच वाटलं. मोठ्या माणसासमोर, त्यातही तुमच्यासमोर, 'सांगता येत नाही' हे मी म्हणू शकले. आज सकाळपासून मात्र काहीतरी खुपतं आहे, आणि काय ते हाताला लागत नाही. कुलूप लावून पुन्हा तीनदा ओढून बघणारी मी. हेही तसलंच असेल.

तुम्ही सहजच विचारलंत ना? एवढंच एका ओळीत कळवा, म्हणजे मी डोकं थंड ठेवून कामाला लागेन.

काकूला नमस्कार.

तुमची,
आणि काकूच्या मते गरजेपेक्षा जास्त विचार करणारी,
पुतणी


२७ नोव्हेंबर

प्रिय काका,

माझ्या पत्राचं उत्तर आलं नाही. डबा पोचल्याचं काकूनं कळवलं, आणि गुडघ्याला पट्टा लावल्यापासून बरं आहे असंही. ते ऐकून बरं वाटलं. सकाळी धुकं पडतं आहे, तेव्हा चालायला जाताना तिला एकटीला पाठवू नका.

कारखान्यात सगळे हळू आवाजात बोलतात. शिट्टीनं शिट्टी वाजवणं सोडलं आहे. काल तो कॅन्टीनमध्ये माझ्या मागे रांगेत उभा होता. मी वळून हसले तर त्यानं कपाकडे बघायला सुरुवात केली. महिन्याच्या अहवालात मी या वेळी एकच आकडा, किती जण आले तेवढा, लिहिला आहे, तो तुमच्या टेबलावर आला असेल. आकडा लिहायच्या आधी, तोसुद्धा लिहावा की नाही याचा बराच विचार केला. हल्ली मला प्रत्येक आकड्याची भीती वाटते.

पाणबुडींना घरी बसवून आता दोन आठवडे होत आले.

एवढं वाक्य लिहून मी उठले आणि चहा करून आणला. तो तसाच थंड झाला आहे.

आरोपपत्र सूचनाफलकावर लावलं नसलं तरी कारखान्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे. 'कारखान्याची अंतर्गत माहिती बाहेर पुरवल्याचा संशय. कामाच्या वेळेत वारंवार जागेवरून गैरहजर. वागणुकीत अस्वस्थता.' सोमवारी चौकशी समिती बसणार, अध्यक्ष तुम्ही.

त्यांना घरी बसवलंत त्याच दिवशी मी तुमच्या केबिनमध्ये आले होते. तुम्ही मला बसायला सांगितलं नाहीत, हे मी मनावर घेतलेलं नाही. टेबलावर मालकांचा फोन वाजत होता. मी म्हटलं, "काका, त्यांचं नाव कुठून आलं?"

"इथे मी काका नाही."

"साहेब, त्यांचं नाव कुठून आलं?"

"पर्यवेक्षकाकडून. ती जागेवर नसते, सगळ्यांना माहीत आहे. का? तुला काय वाटतं, कुठून आलं?"

मग तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि अगदी घरच्यासारखं, हळू आवाजात विचारलंत, "मी तुला पाणबुडीबद्दल विचारलं होतं, बरोबर? तू मला काही सांगितलंस?"

"नाही."

"मग झालं तर. तू तुझं काम कर, मला माझं करू दे."

जिना उतरताना मी तुमचं एकेक वाक्य तपासून पाहिलं. प्रत्येक वाक्य खरं होतं. मी काही सांगितलं नव्हतं. मला त्या जिन्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि मला कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

मग मी आमच्या प्राध्यापक बाईंकडे गेले. ज्यांनी मला सांगितलं होतं की कुठेही नोकरी कर पण काकांच्या हाताखाली नको, त्या. तेव्हा मी त्यांना ऐटीत म्हटलं होतं, "बाई, कारखाना काकांचा नाही, तेही तिथे नोकरीलाच आहेत." कुणाचंही नाव न घेता, कारखान्याचंही न घेता, मी त्यांना त्या रविवारचं बोलणं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"तू तिघांना 'नाही' म्हणालीस?"

"ते कधी आलेच नव्हते, बाई. जो आलाच नाही त्याचं गुपित कसलं राखायचं?"

"चौघांतले तिघं तू हातानं बाजूला केलेस. मग समोर कोण उरलं?"

मी बोटांवर मोजून पाहिलं. एकच बोट उरलं.

"हे मी तुला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. कोण आलं नाही, हेसुद्धा सांगायचं नसतं."

"हो बाई. त्या पेपरात मला पैकीच्या पैकी गुण होते."

"मग?"

"त्या परीक्षेला काका नव्हते."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ज्यांचं नुकसान झालं त्यांना सांगितलंस?" मी म्हटलं, अजून नाही. "मग आधी माझ्याकडे कशी आलीस?" खरं उत्तर असं होतं की बाई मला ओरडल्या तरी जवळ घेतील याची मला खात्री होती.

काका, आता जे लिहिणार आहे ते लिहायचं नाही असं ठरवून मी या पत्राला बसले होते. पण ते टाळलं तर बाकी सगळं पत्र म्हणजे नुसती कार्यालयीन टिप्पणी होईल.

मी बोलत नव्हते त्या दिवसांत कधी कधी पाटीवर डोकं ठेवून रडत बसायची, आणि का ते कुणाला सांगायची नाही. लिहूनही नाही. आई घाबरायची. तुम्ही शेजारी बसून शांतपणे एकेक विचारायचात. पोट दुखतंय? माझी मान हलायची, नाही. कुणी रागावलं? नाही. गणित नको आहे? नाही. बाबांची आठवण येते? आणि तिथे माझी मान थांबायची. मी 'हो' म्हणायची नाही, मान डोलवायचीही नाही, नुसती थिजायची. तुम्ही म्हणायचात, "सापडलं," आणि वही मिटून मला बाहेर फिरायला न्यायचात. आईला ते कधी जमलं नाही. तिला वाटायचं मी ऐकतच नाही. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला या जगात एकच माणूस शिकला, आणि तो प्रेमापोटी शिकला. यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

त्या रविवारी तुम्ही मला तीन नावं विचारलीत. मी तीनदा मान हलवली आणि चौथ्या नावापाशी थांबले. 'सापडलं' एवढं तुम्ही मोठ्यानं म्हणाला नाहीत.

हे तुम्ही ठरवून केलंत की जुन्या सवयीनं तुमच्याकडून झालं, ते मला कळत नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार केला. ठरवून केलंत असं धरलं की मला इतका राग येतो की ताट तसंच सारून उठते. सवयीनं झालं असं धरलं तर त्याहून वाईट वाटतं, कारण मग तुम्हाला अजूनही ठाऊक नाही की तुम्ही काय केलंत. मी पत्रात 'सहजच विचारलंत ना' असं लिहिलं होतं. तुम्ही त्यावर एक ओळ लिहिली असतीत, अगदी खोटी लिहिली असतीत, तरी मी विश्वास ठेवला असता.

आणि सगळा दोष तुमच्यावर ढकलायचा, असंही मला करायचं नाही. मी तिथे पुतणी म्हणून जेवत होते, पण त्या चार माणसांना मी पुतणी म्हणून ओळखत नव्हते. त्यांना मी तुमच्या जेवणाच्या टेबलावर आणायलाच नको होतं, हसण्यावारीसुद्धा. चष्मेवाल्यांवरचा तो विनोद मला सुचला तेव्हा काकू हसली आणि मला छान वाटलं होतं. त्या छान वाटण्याची मला लाज वाटते.

पाणबुडींना मी भेटले. इथून पुढे जे लिहिते आहे ते त्यांना विचारून, आणि त्यांनी जेवढी परवानगी दिली तेवढंच.

त्या घरी नळाखाली बसून पाना फिरवत होत्या. बाह्या कोपरापर्यंत वर, केसांत पाणी. मला बघून म्हणाल्या, "या डॉक्टरीणबाई."

"मी डॉक्टर नाही हो."

"माहीत आहे. डॉक्टर कुठे घरी येतात?"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. संत्र्यासकट. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. त्या नळ आवळतच राहिल्या. मी संपवल्यावर त्यांनी हात पुसले आणि पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाल्या.

"म्हणजे तू बोलली नाहीस, आणि तरी बोललीस."

"हो."

"तुझ्या काकांकडे. जेवताना."

"हो."

"मग तुझ्या त्या खोलीत आणि कॅन्टीनमध्ये फरक काय राहिला? कॅन्टीनमध्ये निदान चहा तरी मिळतो."

मला रडू येत होतं पण मी रडले नाही, कारण मग त्यांना माझी समजूत घालावी लागली असती. त्यांच्या घरी जाऊन तेवढं काम तरी त्यांच्यावर टाकायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

मग आम्ही सोमवारचं बोललो. आरोपपत्रातला 'वारंवार गैरहजर' हा सगळा वेळ त्या माझ्या खोलीत होत्या. हे सांगायला त्यांनी परवानगी दिली आहे. "आले होते एवढं सांग. का आले होते ते नाही." मी त्यांना समजावलं की हे उलटूही शकतं; समितीला वाटेल की तक्रार केली म्हणून मन खात होतं, म्हणून येत होत्या. मग मी विचारलं, येण्याचा त्या तक्रारीशी संबंध होता किंवा नव्हता, जे काय असेल ते, तेवढं तरी सांगू का?

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "आज एक गोष्ट 'आहे' नाहीतर 'नाही' म्हणशील. मग विचारतील, घरचं होतं का? तब्येतीचं होतं का? पोरांचं होतं का? तुझं मला आता कळलंय. तीनदा मान हलवशील आणि चौथ्याला पुन्हा अडकशील."

"पण नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली. दुसरीकडे टाक्या नसतात का? पण ते बाहेर गेलं तर मी राहायचं कुठे?"

त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. "बाई, तुमचा चेहरा बघा जरा," असं परत 'तुम्ही'वर येत म्हणाल्या, "निलंबित मी झालेय."

तेव्हा काका, समितीत मला त्यांच्याविषयी कुणीही काहीही विचारलं तरी मी 'हो' म्हणणार नाही, 'नाही'ही म्हणणार नाही. 'नाही' म्हटल्यानं त्या वाचतील असं मला दिसलं तरीही नाही. त्यातून तुम्ही काय अर्थ काढाल याची मला भीती वाटते, पण त्यांनीच ते ठरवलं आहे आणि ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे.

मी काय सांगणार आहे ते आधी तुम्हाला कळायला हवं, म्हणून हे पत्र.

खोली सुरू करताना माझ्या अटी तुम्ही वाचल्या होत्यात आणि म्हणाला होतात, "एवढ्या अटी तर माणसं लग्नातही घालत नाहीत गं." पण सही केलीत. त्यात स्पष्ट आहे की त्या खोलीतला वेळ गैरहजेरी धरायचा नाही, आणि कोण आलं हे कुणाविरुद्ध वापरायचं नाही. मी समितीला ती अट दाखवीन. मग मी सांगेन की पाणबुडींचं नाव व्यवस्थापकांच्या मनात कसं आलं. रविवारचं जेवण, चार नावं, तीन उत्तरं. पर्यवेक्षकाचं सांगणं नंतर पुढे आलं असेल. आधी कुणी शोधायला सांगितलं, हे त्यांना विचारा असंही म्हणेन. आणि हेही सांगेन की चूक पहिली माझी. आमच्या व्यवसायाच्या संस्थेला मी माझ्याबद्दल लेखी कळवलं आहे. कदाचित मला पुन्हा असं काम करता येणार नाही. ते त्यांनी ठरवावं.

एक विनंती आहे. तुम्ही सोमवारी अध्यक्षाच्या खुर्चीत बसू नका. ज्या गोष्टीत तुम्हीच साक्षीदार आहात तिचा निवाडा तुम्हाला कसा करता येईल? तुम्हीच मला घरी शिकवताना माझा पेपर आईकडून तपासून घ्यायचात. "मी शिकवलं, मी तपासणार नाही," असं म्हणायचात.

तक्रार खरी की खोटी, शिक्के कुणी मारले, ते निरीक्षक बघतील. त्याबद्दल मला काय माहीत आहे किंवा नाही, तेही मी इथे लिहीत नाही. रागावू नका. आता मला असंच लिहावं लागेल.

आईचा फोन आला होता. तिला काकूनं काहीतरी सांगितलं असावं. ती म्हणाली, "ज्यानं तुला बोलायला शिकवलं, त्याच्याविरुद्ध तोंड उघडणार आहेस?" मी फोन ठेवून भांडी घासली, आधी घासलेली होती तीसुद्धा.

मालक तुम्हाला सोडणार नाहीत, हे मला समजतं. निवृत्ती जवळ आली आहे, काकूचा गुडघा, घराचा वरचा मजला अर्धवट आहे. पाणबुडी गेल्या तर मालकांपुढे काहीतरी ठेवता येतं, नाही गेल्या तर तुम्ही जाता. असंच आहे ना? मला ते चौकशीत मांडायचं नाही, पण मी ते जाणते, एवढं तुम्हाला ठाऊक असू दे. तुम्ही क्रूर माणूस आहात असं मला एक क्षणही वाटलेलं नाही. तसं वाटलं असतं तर हे सगळं किती सोपं झालं असतं.

अजून दोन दिवस आहेत. समिती बसायच्या आधी तुम्ही स्वतःच सांगितलंत की 'हे नाव माझ्याकडे योग्य वाटेनं आलं नव्हतं, आरोपपत्र मागे घेतो', तर मला सोमवारी फक्त 'हो, असंच झालं' एवढं म्हणावं लागेल. नाही सांगितलंत तर सगळं मी सांगेन. आवाज कापेल. मध्येच बंदही पडेल कदाचित, म्हणून लिहून आणणार आहे, आणि बंद पडला तर कागद समितीपुढे ठेवीन. काकूला मी साक्षीला ओढणार नाही, याची खात्री बाळगा. ती त्या दिवशी नुसती हसली होती.

रविवारी नेहमीप्रमाणे जेवायला येऊ की नको, ते तुम्ही ठरवू नका, मीही ठरवत नाही. काकूला ठरवू दे. आले तर जेवण वाढीन, भांडी आवरीन, कारखान्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. तुम्हीही काढू नका.

पत्राखाली घालायचा शब्द मी खूप वेळ टाळत होते. तो खरा आहे का, हे स्वतःला विचारून पाहिलं. खरा आहे. म्हणून तर हे पत्र इतकं लांबलं, आणि म्हणूनच सोमवारी मी येणार आहे.

तुमची,
पुतणी